गोजरबाईच्या टिपाडावरची खूण

"...तसं नाय आत्या, फोटोतली तोंडं म्या सगळी पुसली व्हती. नाव बी काढलं तुझं."

"मग बिभीषणाला काय सपान पडलं, का फोटो गोजरीनं काढलाय?"

शालू कामाला निघायच्या घाईत. खांद्याला बॅग, एक पाय उंबऱ्याबाहेर. साडेदहाला गुलमंडीतलं साड्यांचं दुकान उघडणार. बॅगेत कॉलेजचा निबंध, आज संध्याकाळपर्यंत द्यायचा. वर मथळा तेवढा घोटून लिहिलेला: 'लोकसहभागी पत्रकारितेतून मी काय शिकले'. खाली कोरं. आणि दारात गोजरआत्याचं पाण्याचं टिपाड, तेही आठ दिवसांपासून कोरडं ठाक.

दुष्काळाचं हे तिसरं साल. विहिरींनी तळ दाखवला, पण मुकुंदवाडी स्टेशनच्या पल्याड इमारती मात्र गाजरगवतासारख्या तरारत होत्या. गल्लीत चौथ्या दिवशी टँकर. आदल्या सांजेलाच टिपाडं रांगेत लावायची. माणूस घरी झोपला तरी त्याचं टिपाड त्याचा नंबर धरून उभं.

कॉलेजात अश्लेषा मॅडमनी पत्रकारितेचा हा कोर्स सुरू केला. मॅडमचं म्हणणं, ज्याचं दुखणं त्यानंच बातमी सांगावी. पत्रकारानं मधी लुडबूड करू नये. शालूला हे लई पटलं. तिनं गल्लीतल्या बायांचा मोबाईलवर ग्रुप केला. पहिला आठवडा नुसत्या उखाळ्यापाखाळ्या. लक्ष्मीबाईची शेळी कुणाच्या वाळवणात शिरली, चतुराबाईची सून माहेरून का येईना. शालूनं कपाळाला हात लावला.

मग एका सकाळी गोजरबाईनं काढलेला फोटो आला. गल्लीचा टँकर समोरच्या नव्या इमारतीच्या हौदात पाईप सोडून उभा, आणि अलीकडं कोरड्या टिपाडांची रांग. शिकवल्याबरहुकूम शालूनं तोंडं पुसली, आत्याचं नाव काढलं, फोटो कॉलेजच्या पानावर टाकला. खाली स्वतःचं नाव. फोटो शहरभर फिरला. मॅडमनी वर्गात उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. घरी येईपर्यंत शालूचे पाय जमिनीला लागत नव्हते.

टँकरमालकानं बिभीषण ड्रायव्हरला फाडून खाल्लं. बिभीषणानं फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. आत्यानं स्वतःच्या टिपाडामागं उभं राहून फोटो काढलेला, म्हणून तेच सगळ्यांत पुढं. त्यावर शेंदरी रंगाच्या दोन उभ्या रेघा, मधी टिकला. शहरातल्या माणसाला वाटावं, रंगाचा हात पुसलाय. पण बिभीषण मेंढरांमागं वाढलेला, त्यानं खूण लगेच ओळखली. आत्याचा नवरा सांडू कळपाच्या पाठीवर हीच खूण घालायचा. मेंढरं दुष्काळाच्या पहिल्याच सालात विकली, सांडू गेला, खूण तेवढी टिपाडावर आली. आता बिभीषणाचा पाईप रांगेतलं एक टिपाड बरोबर ओलांडून पुढं जात होता.

तोंडं झाकायला शिकवलेलं शालूला. टिपाडाला बी तोंड असतं, हे शिकवणाराला ठाऊक नव्हतं, आणि जिला ठाऊक होतं ती टाळ्यांच्या नादात विसरली.

"आज सकाळी भेटले म्या बिभीषणदादाला," ती खाली बघत म्हणाली. "फोटो काढून टाक म्हणतो. मग सोडतो म्हणं पाणी."

"तू काय म्हणली?"

"टाकते म्हणलं."

गोजरबाईनं हातातली केरसुणी आपटली. "कामून? खोटा हाये फोटो?"

"खोटा नाय. पर तुझं पाणी..."

"तुझ्या मायच्या टिपाडातून दोन हंडे आणते, मेले का म्या? फोटो म्या काढला, शालू. पांढऱ्या उन्हात उभं राहून. आन् खाली नाव कुणाचं? तुझं!"

"तुला तरास नको म्हणून काढलं, आत्या."

"इचारलं व्हतं मला?"

शालूनं बॅगेचा पट्टा सरळ केला.

"लई शिकली माय! खुणंवर मेंढरू वळखत्यात. माणसाला नाव असतंय. माझं नाव टाक तिथं, मंग बिभीषण येऊ दे नाय तर त्याचा मालक येऊ दे. जा आता, उशीर झाला तर दुकानात अप्पाराव तुझी आरती ववाळंल."

सहाजणींच्या रिक्षात अंग चोरून बसल्या बसल्या शालूनं मोबाईलवर कॉलेजचं पान उघडलं. 'काढून टाका' वर अंगठा दोनदा गेला, दोनदा मागं आला. परवा टँकर. आत्या सत्तरीला टेकलेली. मायच्या टिपाडात तरी किती पाणी? मोंढा नाक्यापाशी तिनं आपलं नाव खोडलं आणि लिहिलं: 'फोटो आणि बातमी : गोजरबाई सांडू, मुकुंदवाडी.' आणि बोट दाबलं.

दुकानात शिरेपर्यंत बिभीषणाचे तीन फोन येऊन गेले. काउंटरखाली वही धरून तिनं निबंधाची पहिली ओळ लिहिली: 'ज्यांची बातमी, त्यांना मी विचारलंच नाही.' पुढं सुचेना. आत्यानं सांगितलं म्हणून नाव टाकलं खरं, पण पाणी बंद झालं तर ते कोण सोसणार, हे वहीत कुठं लिहायचं? मोबाईल परत थरथरला.

"शालूबाई, फोन गल्ल्यात टाका," अप्पाराव गादीवरून खेकसले. "गिऱ्हाईक उभं हाये."

समोर छावणी भागातल्या दोघी लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या.

"वरची हिरवी दाखवा बरं. नको, तिच्या खालची."

शालूनं फोन न उचलता गल्ल्यात टाकला, वही फळीवर सारली, स्टुलावर चढली आणि गठ्ठ्यातून हिरवी ओढून त्यांच्यापुढं पदर उलगडून धरला.