डाळीचं पाणी

शिरोळ तालुक्यातल्या एका गावाबाहेर, दीड मैलावर, बाळाबाईंची वस्ती आहे. दोन खोल्या, एक म्हैस आणि दगडी बांधणीची विहीर. नवरा गणपतराव जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा विश्वजित पुण्यात नोकरीला. शेत वाट्यानं दिलेलं.

एकेकाळी या विहिरीवर दुपारी बायकांची रीघ असायची. गावातल्या आडाच्या पाण्यात तूरडाळ शिजायची नाही, इथल्या पाण्यात लोण्यासारखी व्हायची. डाळीचं पाणी न्यायला म्हणून आलेल्या बायका कळशी टेकवायच्या आणि तासभर उठायच्या नाहीत. बाळाबाईंना गावात जायची गरजच पडली नाही, गावच रोज त्यांच्या दारात यायचं.

मग शेतांना नदीचं पाणी आलं. शाळू गेला, हरभरा गेला, चारी बाजूंनी ऊस उभा राहिला. उसाची पहिली लागण गणपतरावांचीच. बाळाबाईंनी स्वतः पाटावर नारळ वाढवला होता. पुढं पाणी सोडायचं ते पाट फुटेपर्यंत आणि युरिया टाकायचा तो पोत्यानं, अशी सगळ्यांचीच रीत पडली. विहिरीचं पाणी चढत चढत हाताला लागेल इतकं वर आलं, आणि चव उतरत गेली. डाळ आधी उशिरा शिजू लागली, मग शिजेनाशी झाली. गावात फिल्टरचं पाणी मिळायला लागलं, तशा बायका एकेक करून यायच्या थांबल्या.

शालूबाई तेवढ्या यायच्या. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलेल्या. शालूबाई गुडघे धरत यायच्या, चहा घ्यायच्या, कळशी भरून न्यायच्या. "मला बाई ह्येच पाणी लागतंय," म्हणायच्या.

गेल्या उन्हाळ्यात मधुवंती नावाची कॉलेजातली मुलगी विहिरींचं पाणी तपासत फिरत होती. बाटली भरून नेली आणि पंधरा दिवसांनी कागद घेऊन आली.

"आजी, हे पाणी पिऊ नका. तान्ह्या बाळांना तर मुळीच देऊ नका. नायट्रेट फार आहे."

"आमच्या हिरीत कुणी काय टाकलंय व्हय?"

"कुणी नाही. उसाचं खत पाण्याबरोबर जमिनीत मुरतं. इथं पाणी इतकं वर आहे, की मुरलेलं सगळं त्यातच उतरतं."

"मग आमचा ऊस काढून टाकला तर?"

"तुमच्या एकटीचा काढून भागायचं नाही, आजी. पाणी चारी बाजूंनी येतंय."

शालूबाईंच्या घरी सहा महिन्यांचा नातू होता. बाळाबाईंनी चपला घातल्या आणि तडक गाव गाठलं. शालूबाईंच्या सुनेला, स्नेहलला, त्यांनी दारातच विचारलं, "आमच्या हिरीचं पाणी बाळाला पाजत न्हाईस न्हवं?"

"तुमच्या हिरीचं?" स्नेहल म्हणाली, "आत्याबाई तर रिकामीच कळशी घेऊन येतात की. आम्हाला वाटलं, हिरीला पाणी ऱ्हायलं न्हाय."

आत पाटावर बसलेल्या शालूबाईंनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, कळशी घेऊनच.

"किती वर्सं वाटंत ओततीयास?" बाळाबाईंनी विचारलं.

"झाली असतील चार-पाच."

"सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू म्हनली असतीस, कशाला येतीस."

बाळाबाईंनी चहा गाळला. "आता कळशी आनू नगं. गुडघं बघ तुझं. रिकाम्या हातानं ये."

"रिकाम्या हातानं निघाले तर सुनंला काय सांगू? दीड मैल नुसतं बोलायला जाते म्हनू?"

त्यानंतर शालूबाई दोनदा आल्या. मग पावसानं वाट चिखलाची झाली, आणि वाट सुकल्यावरही त्या आल्या नाहीत. बाळाबाई एकदा त्यांच्याकडं जाऊन आल्या. स्नेहलनं बिस्किटं दिली, टीव्ही चालू होता. दोघी म्हाताऱ्या शेजारी बसून टीव्ही बघत राहिल्या. विहिरीवर जे बोलणं सुचायचं, त्यातलं एकही तिथं सुचलं नाही.

आता दर तिसऱ्या दिवशी पाण्याचा टेम्पो बांधाशी येऊन हॉर्न देतो. परवा नवा माणूस होता. बाळाबाई म्हणाल्या, "पावणं, टेका की जरा. चहा टाकते."

"न्हाय जमत, आजी. अजून बारा वस्त्या हायत." त्यानं कॅन खाली ठेवला. इंजिन बंद केलंच नव्हतं.

टेम्पो वळणावर उसाआड गेला. बाळाबाईंनी कॅन आडवा केला आणि पायानं हळूहळू ढकलत घराकडं नेला.