खारा बांगडा आणि मिठाचा चहा

जुम्म्याची नमाज पढून आलो आणि मी नि माझी बायको जेवायला बसलो. भात, कुळथाची पिठी, तव्यावर भाजलेला खारा बांगडा. मुलगा-सून बाहेर गेलेली. आमचं दोघांचं ते शेवटचं जेवण.

समोरच्या फ्लॅटमधली तिबेटी बाई शाळेच्या किचनात कामाला आहे. सुट्टीच्या दिवशी बीपीचं मशीन घेऊन येते, माझ्या बायकोच्या दंडाला पट्टा बांधते. त्या दिवशीही शाळा बंद होती, आम्ही जेवत असतानाच आली. आकडा बघून तिचं तोंड उतरलं.

मग तिने आपल्या गावचं सांगितलं. तिकडे वर डोंगरात हवा पातळ, रक्त दाट होतं म्हणे. थंडी, म्हणून चरबीचं खाणं. दिवसभर लोणी नि मीठ घातलेला चहा. म्हातारी माणसं बीपीने बेजार, पण डोकं दुखलं की म्हणणार, उंचीमुळे दुखतंय. तिची आई डोक्याला फडका बांधून चहा पीत राहिली, आणि एक दिवस चुलीपुढेच आडवी झाली.

हे ऐकून माणसाने गप्प बसावं. मी हसलो. म्हटलं, "चहात मीठ घालता, मग दुसरं काय होणार? आम्ही दर्याकाठची माणसं. डोंगरातलं दुखणं आम्हाला नाय लागत."

तिने माझ्या ताटाकडे बघितलं. "चाचा, आम्ही मीठ पितो. तुम्ही चावून खाता."

बायको ओढणीत तोंड लपवून हसली. तिच्या गोळ्या चालू होत्या, पिठीत मीठ टाकणं तिने कधीच बंद केलं होतं. पण खाऱ्या मासळीतलं मीठ आमच्या घरात मिठात धरत नाहीत. सकाळी तिने आपला तुकडा पाण्यात घातला होता. मीच तो काढून तव्यावर टाकला. म्हटलं, भिजवलेला बांगडा म्हणजे ओलं फडकं, चव काय त्याला? मी खाल्ला तसाच तिनेही खाल्ला.

जेवणानंतर म्हणाली, डोकं ठणकतंय. मी म्हटलं, ऊन बाधलं असेल. तिने ओढणी कपाळाला आवळून बांधली. ते मी बघितलं, आणि कूस बदलून झोपलो.

उठलो तेव्हा ती किचनच्या लादीवर पडली होती. मी जाऊन समोरचं दार बडवलं. अ‍ॅम्ब्युलन्स तिबेटी बाईनेच बोलावली. दिवस मावळून मगरिबची बांग व्हायच्या आत सगळं संपलं.

घर माणसांनी भरलं. अल्लाची मर्जी, म्हणत होते. मी मान हलवत होतो. ती बाई दाराशी उभी होती. जेवताना मी काय बोललो ते तिने कुणाला सांगितलं नाही. माझी नजर काही तिच्याकडे गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दफनाला निघायच्या आधी, पाणी प्यायला किचनात गेलो. सिंकच्या बाजूला ताटलीखाली वाडगा झाकलेला. आत बांगड्याचा अर्धा तुकडा भिजत होता. मी झोपल्यावर उठून तिने रात्रीसाठी घातला असणार. मला न सांगता.

बोट बुडवून पाणी चाखलं. खाडीचं पाणी नुसतं.

ते ओतून टाकलं, दुसरं घातलं. तिथेच उभा राहिलो. मुलगा बोलवायला आला तेव्हा तेही ओतून पुन्हा ताजं घातलं, वर ताटली झाकली, आणि निघालो.