बाही वर कर

"बाही जरा वर कर. भाजलेलं दिसू दे," मॅडम म्हणाल्या. "आणि रडू आलं तर थांबवू नकोस हं."

मी चाळिशीची. त्या माझ्याहून लहान. मी त्यांना 'अहो मॅडम', त्या मला 'अगं'.

बडोद्यातल्या गोत्री भागात त्यांच्या ट्रस्टचा हॉल. समोर देणगीदार, मांडीवर खमणाच्या प्लेटा. मी खुर्चीत. हातात माईक.

सावली गावाजवळच्या केमिकल फॅक्टरीत मी पॅकिंगला होते. टाकी फुटली तेव्हा पॅकिंगचीच सुनंदा माझ्या बाजूला होती. मी तिला ओढत होते. ती आली नाही. पुढचं मी सांगत नाही. माझ्या हाताची जखम भरून आली. पण नंतर कुठे नुसता पत्रा वाजला, की मी जमिनीवर पालथी. भाजीबाजारात. बसमध्ये. एकदा पोरीच्या शाळेत, सगळ्या आयांसमोर.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरने मान वर केली नाही. "झोप येते?" "नाही." गोळ्या लिहिल्या. पुढचा पेशंट. खाजगी डॉक्टरची एका वेळची फी म्हणजे माझा आठवड्याचा पगार, आणि यायचं दर आठवड्याला. मग खायचं काय, गोळ्या?

ट्रस्टमध्ये मनाचा इलाज फुकट होता. मॅडम बडोद्याच्या जुन्या मराठी घरातल्या, पणजोबा संस्थानात मोठे अंमलदार. मी पोटासाठी धुळ्याहून आलेली. "आपलीच माणसं," त्या म्हणाल्या. मी पाघळले. तीनदा त्यांनी दार लावून ऐकलं. खरं सांगते, बरं वाटलं. त्यांची मुलगीही परीक्षेच्या धसक्याने डॉक्टरकडे जाते, हे त्यांनीच तेव्हा सांगितलं. चौथ्यांदा हा हॉल.

मी सुरुवात केली. "टाकी फुटली तेव्हा..."

मागून एक शेठ म्हणाला, "जरा जोरथी बोलो ने, बेन." एकीने मोबाईल वर धरला.

सुनंदाचं मरण. जोरात सांगायचं. यांचं खमण संपेपर्यंत.

मी माईक खाली ठेवला. बाही ओढून घेतली.

मॅडम जवळ आल्या. चेहरा हसरा, दात आवळलेले. "अगं, यांच्याच पैशावर तुझी ट्रीटमेंट चालते."

मी म्हटलं, "तुमची मुलगी डॉक्टरकडे जाते. तिला बसवलंत का कधी अशी माणसांपुढे?"

मी चपला घातल्या आणि निघाले.

पुढच्या आठवड्यात परत गेले. हो, गेले. गरज होती. मॅडमनी दारातच सांगितलं, "तुझ्यात राग फार आहे. अजून तू इलाजाला तयार नाहीस."

राग! एवढं शिकून बाईला माझ्यात सापडलेला आजार हा. थू.

फुकटाच्या दारात मी परत उभी राहिले नाही. इजा फॅक्टरीने केली, इलाजही तिनेच द्यायचा. अर्ज घेऊन कामगार खात्यात गेले. सोबत आमच्या पाळीतल्या चौघी. त्याही झोपेत ओरडतात, फक्त कुणाला सांगत नव्हत्या. कारकुनाने फॉर्मवर बोट फिरवलं. हात, पाय, डोळा.

"आमां मगजनुं खानुं ज नथी, बेन."

डोक्याचा रकानाच नाही म्हणे.

"मग पाडा रकाना," मी म्हटलं.

त्याने अर्ज माझ्याकडे सरकवला. मी परत त्याच्याकडे सरकवला. दर सोमवारी सरकवते. पाचजणींच्या आता अकराजणी झालो आहोत. कुणीही हात जोडत नाही. त्याला सांगते, नाही म्हणायचं असेल तर लिहून द्या साहेब, सहीशिक्क्यासकट. तोवर आम्ही इथून हलत नाही.