रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या बाई

डॉ. मरियम सिद्दी यांची आणि माझी पहिली भेट झाली ती मी दुभाषी म्हणून गेलो तेव्हा. दुभाष्याची तिथे काडीचीही गरज नव्हती.

भूकंपाला थोडेच दिवस झाले होते. औसा तालुक्यातल्या एका गावाबाहेर पत्र्याच्या शेडची वस्ती उभी राहत होती. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथली माणसं आज माझ्या घरची झाली आहेत. परदेशी डॉक्टरांची पथकं येत-जात होती. मी लातूरच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होतो. गावच्या सरपंचांनी, ज्यांना सगळे पाटीलच म्हणत, निरोप धाडला, "आफ्रिकेच्या मॅडम आल्यात. त्यांच्याशी बोलाय कुणी न्हाई. सरांना धाडा."

मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. काळ्याभोर वर्णाच्या, दाट कुरळ्या केसांच्या एक बाई ताडपत्री बांधत होत्या. वाटेत घोकलेलं स्वागताचं इंग्रजी वाक्य मी म्हटलं. त्यांनी ते शांतपणे पूर्ण होऊ दिलं आणि म्हणाल्या, "सर, ती दोरी धरता का जरा? सुटून राहिली."

बाई नांदेडच्या निघाल्या. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून निजामाच्या फौजेत आलेले, घराणं पिढ्यान्‌पिढ्या नांदेडात, वडील घड्याळं दुरुस्त करायचे. बाई तिथल्या महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवत होत्या आणि विद्यार्थिनींना घेऊन मदतीला आल्या होत्या. जन्मगावी बाजारात गेलं तरी "कुठल्या देशाच्या तुम्ही?" हा प्रश्न त्यांच्या पाठी असायचाच. त्याच प्रश्नाचा माग काढत त्यांनी निजामाच्या हबशी फौजींच्या वंशजांवर प्रबंध लिहिला. आज या विषयात काम करणाऱ्या कुणालाही तो टाळून पुढे जाता येत नाही.

गावाला मात्र त्या परदेशी वाटत होत्या, आणि परदेशी म्हणून त्यांचा शब्द झेलला जात होता. मी शहाणपणा करून म्हटलं, "असू द्या ना बाई, सांगायचं कशाला? काम तर होतंय." त्या म्हणाल्या, "आज होऊन राहिलं सर. उद्या त्यांना कळल्यावर?"

तो उद्या टँकरपाशी उगवला.

वस्तीला दिवसाला एक टँकर यायचा. गावातल्या बाया त्याच्यापुढे रांग लावत, आणि बौद्धवाड्यातल्या बायांना लांब लिंबाखाली उभं केलेलं असे. गावाचं भरून झालं की उरलेलं त्यांचं. आदल्या दिवशी काहीच उरलं नव्हतं, आणि ते बाईंनी पाहिलं होतं. त्या दिवशी टँकर थांबताच बाईंनी नळी स्वतःच्या हातात घेतली आणि लिंबाकडे बोट करून एकच रांग करायची खूण केली. पाटील माझ्याकडे वळले. "सर, मॅडमला सांगा, ही इथली रीत हाय. भायेरच्याला कळायची न्हाई."

मी तोंड उघडायच्या आत बाई बोलल्या, "मलाच सांगा की पाटील. माझी आई नांदेडात नळावर गेली की बाया आपल्या घागरी बाजूला सरकवायच्या. रीत मला चांगली कळती."

मग मागून आवाज आला, "आरं, ही तर हिकडचीच!" कालपर्यंत मॅडम असलेल्या बाई एका वाक्यात 'ही' झाल्या. चार-पाच तरुण पुढे सरकले. ड्रायव्हरने चावीला हात घातला. माझ्याबद्दल सांगायचं तर मला घरी जावंसं वाटत होतं, अगदी मनापासून.

बाई नळी खाली ठेवून लिंबाकडे गेल्या. तिथे सगळ्यांत पुढे गिरजाबाई उभ्या होत्या. भूकंपात त्यांचं घर आणि धाकटा दीर गेला होता. बाई त्यांना म्हणाल्या, "मावशी, एक रांग झाल्याबिगर मी पाणी सोडणार न्हाई म्हणाले, तर तुमच्याबी घागरी रिकाम्या राहतील. लेकरं तहानतील. तुम्ही म्हणाल तसं करते."

मी पुढाऱ्यांच्या सभा पुष्कळ ऐकल्या आहेत. लोकांच्या वतीने लढणारे पाहिले, पण ज्यांची तहान पणाला लागणार त्यांनाच आधी विचारणारं कुणी पाहिलं नव्हतं. बाईंच्या नेतृत्वाबद्दल या गौरवग्रंथात बरेच जण लिहितील. मला त्यातलं जे कळलं ते एवढंच.

गिरजाबाई म्हणाल्या, "तहान काय आमाला नवी हाय व्हय? थांबू आमी."

मग सगळेच थांबले. ऊन चढत गेलं. पत्रे तापले, पोरं रडायला लागली, ड्रायव्हर परत जायचं म्हणू लागला. बाई परत येऊन नळी धरून उभ्या होत्या. कुणी दगड उचलला असता तर पुढे काय झालं असतं, याचा विचार मला आजही नको वाटतो.

तेवढ्यात पाटलांच्या शेडमधून पाटलीणबाई घागर घेऊन बाहेर आल्या. त्यांची सून सकाळीच त्या पत्र्याखाली बाळंत झाली होती. पाटलीणबाई कुणाकडे न बघता लिंबाखाली गेल्या आणि गिरजाबाईंच्या मागे उभ्या राहिल्या. पाटील ओरडले. पाटलीणबाईंनी मानसुद्धा वळवली नाही. "सुनंला पाणी पाहिजे. तुमची रीत तुमी प्या."

गिरजाबाई बाजूला सरल्या. "बाळंतिणीचं पाणी हाय, पाटलीणबाई. तुमी पुढं व्हा."

रांग लिंबापासून सुरू झाली. सगळं गाव आलं असं नाही. काही घरांनी त्या दिवशी लांबच्या विहिरीवरून पाणी आणलं. पण दुसऱ्या दिवशी एकच रांग होती. बाई तांब्या घेऊन तिच्या शेवटी उभ्या होत्या, आणि त्यांच्या वाट्याला तळाचं गढूळ पाणी आलं. ते त्यांनी पदराने गाळून घेतलं.

शेवटी उभं राहायची ही सवय बाईंना कायमची आहे, आणि सहकाऱ्यांना तिचा विलक्षण ताप होतो. पुढे त्या लातूरला आमच्याच महाविद्यालयात आल्या. नांदेडला चर्चासत्राला निघालं की बाई लेकुरवाळ्यांना, म्हाताऱ्यांना पुढे घालत बसणार आणि एसटी आमच्या डोळ्यांदेखत निघून जाणार.

लातुरात शिकवण्यांचा बाजार भरला तेव्हाची गोष्ट सांगून आवरतो. उमरीपासून माहूरपर्यंतची पोरं इथे डॉक्टर व्हायला येऊ लागली आणि घरमालक भाडं सांगण्याआधी आडनाव विचारू लागले. गिरजाबाईंची नात कविता मेडिकलच्या तयारीला आली. बाई आणि मी तिच्यासाठी दारोदार फिरलो. सगळीकडे खोली नुकतीच गेलेली असायची. एका ठिकाणी बाई म्हणाल्या, "मग दारावरची 'खोली भाड्याने' पाटी तरी काढा." शेवटी त्यांनी आपली वरची अभ्यासाची खोली रिकामी केली. जन्मभराची पुस्तकं स्वयंपाकघरात, पलंगाखाली, पिठाच्या डब्यावर गेली.

त्याच आठवड्यात पाटलीणबाई आल्या. सोबत नात होती, त्या दिवशी पत्र्याखाली जन्मलेली, तीही मेडिकलच्या तयारीला आलेली. पोरगी बाईंच्याच घरी राहील, दुसरीकडे ठेवणार नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. खोली एकच, खाटा दोन. पुढे काय येणार ते मी ओळखलं. बाईंनी सरळ सांगितलं, "खोलीत गिरजाबाईंची नात हाय. माठ दोघींना एकच."

पाटलीणबाई पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिल्या. टँकरपाशी घागर उचलणं वेगळं, आणि नातीचं रोजचं खाणं-पिणं वेगळं. बाईंनी त्यांना समजावलं नाही. शेवटी पाटलीणबाईंनीच विचारलं.

"गिरजा हाय का अजून?"

"हाय. गुडघे दुखून राहिलेत त्यांचे."

"माझंबी दुखत्यात," पाटलीणबाई म्हणाल्या, आणि नातीकडे वळल्या. "जा, वर सामान ठेव."

पाटलीणबाईंची नात काही डॉक्टर झाली नाही. उदगीरला शिक्षिका आहे आणि मजेत आहे. कविता मात्र झाली. गेल्या पावसाळ्यात बाईंच्या छातीत दुखू लागलं तेव्हा मी त्यांना तिच्याच दवाखान्यात नेलं. तिथेही बाई येईल त्याला पुढे सोडत बाकाच्या टोकाला बसलेल्या. मी रागाने काहीबाही बोललो. कविता बाहेर आली, हात धरून म्हणाली, "बाई, उठा. आज तुम्ही पुढं." बाईंनी शेजारच्या म्हातारीकडे बोट दाखवलं. "आधी मावशींना बघ."

बाईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांचं हृदय धड राहो, पाय चालते राहोत, पुस्तकं पुन्हा वरच्या खोलीत जावोत. त्यांच्या शेवटी उभं राहण्यावर मी आयुष्यभर चिडलो. पण एक रांग अशी आहे की ती तुम्हाआम्हाला कुणालाच चुकलेली नाही, आणि तिथे बाईंची ही खोड मला हात जोडून मान्य आहे. तिथे त्यांनी सगळ्यांना पुढे जाऊ द्यावं, मलाही, आणि आपण तांब्या घेऊन खुशाल शेवटी उभं राहावं.