खलाशिणीचं गाऱ्हाण्यांचं पत्र

लांबच्या माणसाला तुम्ही 'इकडे सर्व ठीक' असं लिहिता, तेव्हा तुमच्या घरात नेमकं काय गळत असतं?

खलाशिणीच्या घरात छत गळत होतं. नवरा मालवाहू जहाजाच्या इंजिनघरात तेलपाणी बघायचा, म्हणून गल्लीने तिचं नाव खलाशीण ठेवलं होतं. ती स्वतः इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्रीला होती. दिवसाला दीडशे चादरी. मनगट असं, की कुणी उगाच वाकड्यात शिरायला धजायचं नाही. सासू, सहा वर्षांची लेक आणि दोन खोल्या, एवढा तिचा संसार.

खलाशांच्या बायकांत एक नियम होता आणि त्याची राखणदार सारंगकाकू. जहाजावरच्या खलाशांच्या मुकादमाला सारंग म्हणतात. काकूचा नवरा तीस वर्षं सारंग होता नि अजूनही पाण्यावरच होता, त्यामुळे तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पाण्यावरच्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही. त्याचं चित्त ढळतं आणि पाय घसरतो.

खलाशिणीने नियम तंतोतंत पाळला. छत गळायला लागलं तेव्हा लिहिलं, 'यंदा घरात छान गारवा आहे.' लेकीने शाळेत शेजारणीच्या वेणीचा शेंडा कापला, तेव्हा, 'लेकीचा कात्रीवर चांगला हात बसतोय.' सासूबाई पायरीवरून पडून मनगट मोडून बसल्या, तर, 'आईंना सध्या पुष्कळ विश्रांती मिळते.' खोटं म्हणाल तर एक अक्षर नाही.

अशी चौदा पत्रं गेली. मग त्याचं आलं. तिने ते कामावरच, एका हाताने इस्त्री फिरवत वाचलं. घरचं सगळं वाचून फार बरं वाटतं, त्याने लिहिलं होतं. करार संपतोय, पण कप्तान आणखी वर्षभर राहा म्हणतो. मी पुढच्या बंदरात सही करीन म्हणतो. तिकडे माझ्यावाचून काही अडत नाही, तू समर्थ आहेस.

इस्त्री थांबली ती थेट डॉक्टरांच्या कोटावर. धुलाईघराची मुकादमीण हुंगत आली नि म्हणाली, काय जळतंय?

"मी," खलाशीण म्हणाली.

घरी येऊन तिने पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. सासूबाईंनी मोडका हात झोळीत सावरला आणि तोंड मोकळं सोडलं.

"मी त्याला नऊ महिने पोटात वाहिला, आणि तू गोड गोड लिहून बारा महिने पाण्यात लोटलास."

"आणि हात मोडला तेव्हा 'त्याला कळवलंस तर बघ' कोण म्हणालं होतं?"

सासूबाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. जहाज कंपनीच्या एजंटाच्या ऑफिसातली डाकेची पिशवी दर गुरुवारी दुपारी बारा वाजता बंद होऊन निघायची. या आठवड्याची पिशवी जहाजाला सहीच्या बंदरात गाठणार होती. पुढची गेली तर सहीनंतर. आणि उद्या गुरुवार होता.

वास लागल्यासारखी सारंगकाकू उगवली. तिने खूप समजावलं, घाबरवलंही. त्याचा पाय घसरला तर पाप कुणाच्या माथी, असं विचारलं. "घसरू दे," खलाशीण म्हणाली, "फक्त घराच्या बाजूला घसरू दे."

मग तिने एकेक गाऱ्हाणं मांडलं. छताखाली तीन पातेली आहेत, चौथं घ्यायचं की तुम्ही येताय? आईंचा हात मोडलाय, पण जीभ शाबूत आहे. लेक तुमच्या फोटोला रोज जेवलात का विचारते, आणि फोटो उत्तर देत नाही म्हणून रुसते. सासूबाई मध्येच सांगत होत्या, 'लिही, मला नीट झोप लागत नाही,' आणि लगेच, 'नको, तेवढं खोड.' तिने खोडलं नाही. शेवटी पेन बराच वेळ अडलं. चौदा पत्रांत जे लिहिलं नव्हतं, ते दोन ओळींत आलं: 'तुमच्यावाचून अडत नाही, हे खरं आहे. पण करमत नाही.'

दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून ती ऑफिसात पोचली. खिडकीतल्या कारकुनाने डबा उघडला होता आणि पिशवी शिवून, लाख लावून कोपऱ्यात ठेवली होती. पिशवी बंद झाली, पुढच्या आठवड्यात या, तो घास चावत म्हणाला. खलाशिणीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाराला दहा कमी. ती ओरडली नाही. तिने पर्समधून कोरा कागद काढून खिडकीत ठेवला.

"एवढं लिहून द्या साहेब. 'बाराची पिशवी मी जेवायला बसायचं म्हणून आधीच बंद केली.' खाली सही करा. मग जाते मी."

तोंडी मुजोरी करणारा माणूस कागद पाहिला की कसा लोण्यासारखा वितळतो, हे तिला पुरतं ठाऊक होतं. कारकुनाने डबा बंद केला, सुतळी कापली, पत्र आत टाकलं आणि पिशवी पुन्हा शिवायला घेतली. टाका वाकडा जातोय, हेही खलाशिणीने त्याला दाखवून दिलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. सही केली नाही, त्याने लिहिलं होतं. करार संपताच निघतो. वाटलं होतं, घराने माझ्याशिवाय राहायची सवय करून घेतली, मग कशाला मध्ये यायचं. आईचा कुठला हात, डावा की उजवा? आणि इथे गेल्या महिन्यात वाफेने माझीही दोन बोटं भाजली होती, आता बरी आहेत, तुला कळवलं नव्हतं.

खलाशिणीने त्या दोन बोटांसाठी त्याला, मोठ्याने म्हणत म्हणत, शिव्यांचं आणखी एक पान लिहिलं. सारंगकाकू दारात उभी राहून ते ऐकत होती. जाताना तिने हळूच विचारलं, एखादा जादा कागद आहे का गं?

तेव्हा तुमचंही कुणी लांब कामाला गेलं असेल, तर हे वाचून झाल्यावर लगेच उठू नका. पेन घ्या, आणि त्या माणसाला घरातलं एक तरी खरं गाऱ्हाणं कळवा.