मागं न बघणारी कासवी

आष्टीत माझी पिठाची गिरणी आहे. दळणाला येणारी एक बाई डबा ठेवला की हुकूम सोडायची, "भाऊ, ते कासव लावा."

माझ्या मोबाइलवर कॅरिबियन किनाऱ्याचा व्हिडिओ होता. कासवी वाळूत खड्डा करते, अंडी घालते, वाळूनं झाकते आणि समुद्रात निघून जाते. नाकाला पदर लावून बाई तो बघायची आणि दर वेळी तेवढ्याच रागानं म्हणायची, "लई निर्दयी हाय. एकदाबी मागं वळून बघत न्हाई."

दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेली ट्रॉली गिरणीवरून गेली. कडेला त्या बाईची लेक आजीचं बोट धरून उभी होती. लेक हाका मारत राहिली. बाई ट्रॉलीत पुढं तोंड करून ताठ बसली होती, वळली नाही.

उन्हाळ्यात ती परतली, डबा ठेवला, कासव लावायला सांगितलं. कासवी समुद्राकडं निघाली तशी म्हणाली, "थांबवा. हिच्या डोळ्यात पाणी हाय, भाऊ. आधी कसं दिसलं न्हाई?"

कासवाच्या अंगातलं मीठ तसं बाहेर पडतं, असं व्हिडिओतला माणूस इंग्रजीत सांगायचा.

"हाय की," मी म्हणालो आणि गिरणी चालू केली.