पोचल्याचा निरोप

लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. यांची नोकरी देवळाली कॅम्पात, म्हणून मी निघाले. फाट्यावर एसटी थांबली, हे ट्रंक टपावर चढवत होते आणि आई खिडकीखाली उभी. रडली नाही, काही नाही. एवढंच म्हणाली, "तू पोचशी, मंगच मी झाडू हातमा लिसू."

आमची बागलाणातली बोली ही. तू पोचलीस की मगच मी केर काढीन. माणूस बाहेर पडलं की पाठोपाठ झाडायचं नाही, हे तुम्ही सगळ्याच पाळता. पण माणूस नजरेआड झालं की बाकीच्या बाया झाडू उचलतात. आई निरोप येईपर्यंत थांबायची. फोन कुठला तेव्हा! तीच एसटी संध्याकाळी परत यायची, तेव्हा आई फाट्यावर जाऊन कंडक्टरला विचारायची, "मनी पोर उतरनी का?" म्हणजे माझी पोर उतरली का. तोवर दिवेलागण. दिवे लागल्यावर केर काढला तर लक्ष्मी जाते, म्हणजे परत सकाळपर्यंत थांबा. शेजारणी हसायच्या, पोर गेली नाशिकला आणि हिच्या घराचा उकिरडा झाला.

गावाकडच्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्या बायांनो, ही केराची गोष्ट मी उगाच नाही काढली. या महिन्यात ती सारखी आठवली.

मी इथल्या कॅम्पातल्या शाळेत शिशुवर्गाची बाई. फार शिकलेली नाही, मुलांना शिकवता शिकवताच शिकले. आमच्याकडे निम्मी पोरं फौजी लोकांची. एप्रिल उजाडला, ऊन तापलं, बाजारात द्राक्षं संपत आली की पोस्टिंगची पत्रं येतात. क्वार्टरच्या दारात काळ्या ट्रंका दिसायला लागतात. रेंजवर तोफांचा सराव चालला की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात. नवी पोरं घाबरून मला बिलगतात, आणि न घाबरायला शिकली की त्यांच्या जायची वेळ होते.

मग मी काय करायचे, जे पोर जाईल त्याच्या बसायच्या जागेवर झाडू लावू द्यायचा नाही. आईबापांचा फोन यायचा, "मॅडमजी, पहुँच गये," की मग झाडायचं. हल्ली निरोप व्हॉट्सअपवर येतो, एवढाच फरक. आमची मदतनीस जैतून बडबड करायची, "बाई, इथं झाडायचं, इथं नाही, हा वर्ग आहे की गोधडी?" पण ठिगळं सोडूनच झाडायची. यंदा आसामला गेलेल्या पिंकीचा निरोप आलाच नाही. जैतून म्हणाली, "पोचली असेल हो. भूल गये होंगे." तरी तिनं ती जागा तशीच ठेवली.

पण यंदा जायची पाळी माझीही होती. महिनाअखेर रिटायर. शाळेमागच्या दोन खोल्या शाळेच्याच, त्या सोडायच्या. हे जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा बंगलोरला. तो म्हणतो, "आई, ये ना इकडे," आणि पाठोपाठ म्हणतो, "पण तुला करमेल का गं?" दुसरं वाक्य ऐकलं की पहिल्याचं काय करायचं ते कळत नाही.

म्हणून यंदा आखाजीला माहेरी गेले. आपल्याकडे अक्षय तृतीयेला, म्हणजे आखाजीला, लेकी माहेरी येतात. आई गेल्यापासून मी जात नव्हते. भावाला विचारायचं होतं, मागच्या खोलीत राहू का रे मी? आमरस झाला, पोरींचे झोके झाले. वहिनीनं प्रेमानं वाढलं, खोटं कशाला बोलू. खोलीत कांदा पसरला होता, तो मी बघून आले. सकाळी विचारीन म्हटलं.

सकाळी पिशवी उचलली. भाऊ गाडी काढायला पुढे गेला. मी अंगणाबाहेर वळून नजरेआड झाले तोच मागं फरशीवर झाडू वाजला. वहिनीचं काही चुकलं नाही. दुपारी तिच्या माहेरची माणसं यायची होती आणि आईचा रिवाज आईबरोबरच संपला होता. पण मी थांबून मागं बघितलं. भाऊ म्हणाला, "काय गं ताई, काही राहिलं का?" मी म्हटलं, "नाही रे, चल." फाट्यापर्यंत तो कांद्याच्या भावाबद्दल बोलत होता. मी विचारलं नाही.

नाशिकरोडला एक खोली घेतली. शेवटच्या दिवशी शाळेत शाल, नारळ, फोटो, सगळं झालं. टेम्पो आला, सामान भरलं, जैतून फाटकापर्यंत आली. "जावा बाई," म्हणाली आणि वळून गेली. मला थोडा रागच आला.

नव्या खोलीत गाठोड्यांवर बसले होते. पंख्याचा आवाज, भिंतीपलीकडे शेजारणीचा कुकर. मला वाटलं, आपण पोचलो हे सांगायचं कुणाला? मुलगा मीटिंगमध्ये. भावाला मी खोली घेतल्याचं माहीतच नाही. तेवढ्यात फोन वाजला.

"बाई, पोचला का? सगळा वर्ग झाडून झाला, तुमच्या खुर्चीखालचं तेवढं राहिलंय. मला घरी जायचंय."

माझ्या तोंडाशी आलं होतं, पोचले गं. पण मी म्हटलं, "नाही गं जैतून. अजून वाटेतच आहे."

तेवढ्यात पलीकडच्या कुकरनं शिट्टी दिली, चांगली लांबलचक.

जैतून म्हणाली, "टेम्पोत कुकर कुणी लावला, बाई?"

मी फोनवर हात धरला.

"बरं, बरं," ती म्हणाली. "राहू द्या तेवढं. उद्या विचारते."

ती रोज विचारते. शाळेला सुट्टी लागली, तरी किल्ली तिच्याकडेच असते. मी म्हणते, अजून वाटेतच आहे. मला कुणी विचारलं की बाई, तुमचं घर कुठं, तर मी नाशिकरोडचा पत्ता सांगते. पण एका खुर्चीखाली अजून झाडू फिरलेला नाही. माझं घर सध्या तेवढंच.